दोन, तीन, सहा आणि ठोसा: फायटिंग गेमच्या मूव्ह्ज हातात बसवताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचा इंदिरानगरहून दोन दिवस राहायला आला तो लॅपटॉप घेऊनच. सेलमध्ये घेतलेला स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम, त्यात रियू हे पात्र, आणि पाचात एखादाच हाडोकेन, म्हणजे हातांनी फेकायचा ऊर्जेचा गोळा. "मामा, कीबोर्डच खराब आहे," हे त्याचं ठाम मत. मी म्हटलं, ट्रेनिंग मोडमध्ये जा आणि दाबलेल्या दिशा पडद्याच्या कडेला दिसतात ते चालू कर. आता पुन्हा पाच मार. दर वेळी तेच उमटलं: खाली, पुढे, ठोसा. मधला तिरपा बाण एकदाही नाही. कीबोर्ड ठणठणीत होता, बोटंच कोपरा कापत होती.

मला हे लगेच दिसलं त्याचं कारण जुनं आहे. लहानपणी नाशिकरोडला शाळेच्या वाटेवर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, रुपयाला एक कॉईन. तिथल्या फाईटच्या मशीनवर पहिल्या प्लेअरची दांडी उजव्या-खालच्या कोपऱ्यात लागायचीच नाही. जॉयस्टिकच्या पोटात चार स्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. कोपऱ्याला वेगळा स्विच नसतो. दांडी कोपऱ्यात गेली की शेजारचे दोन एकदम दाबले जातात. त्या मशीनवर दोनांतला एकच दाबला जायचा. डाव्या बाजूने 'आबुगेट' निघत नाही हे सगळ्या पोरांना पाठ होतं (हाडोकेनला आम्ही आबुगेटच म्हणायचो), त्यामुळे दुसऱ्या प्लेअरच्या जागेसाठी रोज भांडण. मालकाला सांगितलं की तो म्हणायचा, "खेळायचं तर खेळ, नाहीतर हो बाजूला." स्विच, वायरिंग वगैरे मला पुढे अंबडला कारखान्यात लागल्यावर समजलं, पण कोपऱ्याची किंमत त्या मशीनने आधीच शिकवली होती.

मूव्ह निघेना की नवा माणूस हात जोरात आणि भराभर चालवतो. जोराने काही होत नाही, वेगानेही फार नाही. सगळ्या दिशा क्रमाने लागल्या पाहिजेत आणि बटण शेवटी. हे एवढं जमलं की स्ट्रीट फायटर असो, किंग ऑफ फायटर्स असो, गाडी पुढे सरकते.

आधी आकडे वाचायला शिका

मूव्हची यादी उघडलीत की बाण दिसतील, आणि खेळणाऱ्यांच्या बोलण्यात आकडे. आकडे सोपे आहेत. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर उजवीकडे जो नंबर पॅड असतो तो डोळ्यांसमोर आणा:

७ ८ ९
४ ५ ६
१ २ ३

मधला ५ म्हणजे दांडी मोकळी. ६ पुढे, ४ मागे, २ खाली बसणं, ८ उडी. ३ म्हणजे खाली-पुढे कोपरा, १ म्हणजे खाली-मागे. मोबाईलचा डायलपॅड आठवू नका, त्यात १-२-३ वरच्या ओळीत असतात आणि सगळं उलटं होऊन बसतं. भाच्याचा पहिला तास यातच गेला.

हे आकडे तुम्ही डावीकडे उभे राहून उजवीकडे बघताय असं धरून लिहिलेले असतात. प्रतिस्पर्धी उडी मारून पलीकडे गेला की सगळं आरशासारखं फिरतं. म्हणून डोक्यात 'उजवं' कधी ठेवू नका, 'पुढे' ठेवा. पुढे म्हणजे तो जिकडे आहे तिकडे.

बटणांचं प्रत्येक घराण्याचं वेगळं. स्ट्रीट फायटरच्या क्लासिक पद्धतीत सहा बटणं: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी-मध्यम-भारी. तोच हाडोकेन हलक्या ठोशाने मारला तर सावकाश जातो, भारीने मारला तर वेगात. टेकनमध्ये चार बटणं आणि चार अवयव: १ डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. इथे नवा माणूस हमखास फसतो. स्ट्रीट फायटरवाला 'दोन' म्हणाला तर खाली बसायचं, टेकनवाला म्हणाला तर उजव्या हाताने मारायचं. टेकनमध्ये दिशा इंग्रजी अक्षरांनी लिहितात. लहान लिपीतलं अक्षर म्हणजे दिशेला नुसती टिचकी, मोठ्या लिपीतलं म्हणजे ती धरून ठेवायची. मॉर्टल कोंबॅटमध्ये अडवायला वेगळं बटण असतं, बाकी दोन्हींत मागची दिशा धरली की वार अडतो. यातला एकच खेळ निवडा. निदान दोन महिने दुसऱ्याकडे बघू नका.

हातात काय धरायचं

जे घरात आहे ते. दहा-पंधरा हजारांची आर्केड स्टिक (पार्लरसारखी दांडी आणि बटणं) मागवून मग शिकू म्हणणारे मी पाहिलेत, ती स्टिक नंतर माळ्यावर जाते.

गेमचा पॅड (दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर) असेल तर सुरुवातीला अॅनालॉग स्टिकपेक्षा डावीकडची अधिक-चिन्हाची बटणं वापरा. अंगठा उचलून-उचलून दाबू नका, त्यावरून लोळवा. कीबोर्ड असेल तर एक तपासणी करा: स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी उमटतच नाही. ट्रेनिंग मोडमध्ये खाली आणि पुढे धरून एकेक ठोसा-लाथ दाबून बघा. एखादं बटण उमटलं नाही तर ते सेटिंगमध्ये दुसऱ्या कळेवर न्या. बोटांना दोष देण्याआधी ही दोन मिनिटं घाला. आणि रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलात तर साबणाने हात धुवा, तर्रीचा तेलकटपणा पॅडच्या बटणांत गेला की महिनाभर चिकटतो.

पहिली मूव्ह: २३६ आणि ठोसा

हाडोकेन. १९८७च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून हीच हालचाल आहे, आणि कितीतरी खेळांतल्या कितीतरी पात्रांची पहिली मूव्ह हीच असते. किंग ऑफ फायटर्समधला इओरी जमिनीवरून जांभळी आग सोडतो तीही २३६ आणि ठोसाच. एकदा बसली की जन्मभर पुरते.

कीबोर्डवर हळू, अगदी स्लो मोशनमध्ये करून बघू. मधलं बोट खालच्या कळेवर, तर्जनी पुढच्या कळेवर. खाली दाबा आणि धरून ठेवा. खालची सोडायची नाही. तशीच ठेवून पुढची दाबा. आता दोन्ही कळा खाली आहेत, पडद्यावर तिरपा बाण उमटला पाहिजे. हाच तो कोपरा, हाच ३. मग खालची कळ सोडा, पुढची अजून दाबलेलीच. आता ६ उमटला. त्याच क्षणी, किंवा किंचित नंतर, ठोसा. माझा भाचा खालची कळ सोडून मग पुढची दाबत होता, म्हणजे दोघींची गाठच पडत नव्हती.

तोंडाने म्हणा. तबल्याचे बोल पाठ करतात तसं: "खा-ली-पु-ठो." 'खा'ला खाली, 'ली'ला कोपरा, 'पु'ला पुढे, 'ठो'ला बटण. हसू येईल, येऊ द्या. आपल्याकडे ढोल पथकात नव्या पोराच्या हातात टिपरू देण्याआधी ताल तोंडपाठ करून घेतात, त्यामागे कारण आहे. तोंडात बसलं की हातात उतरतं.

मूव्ह निघाली नाही की अंदाज बांधू नका, पडद्यावरचा मजकूर वाचा. खाली आणि पुढे दिसतंय पण तिरपा बाण नाही, तर कोपरा कापला. खाली, तिरपा आणि तिरप्यासोबतच ठोसा दिसतोय, तर बटण आधी पडलं. त्यातून बसून मारलेला साधा ठोसा निघतो. शेवटी वरचा तिरपा बाण दिसतोय आणि रियूने उडी मारली, तर अंगठा पुढे घसरला. बाणाशेजारी आकडाही असतो: ती दिशा किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची किती चित्रं, धरली. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे ३० दिसले तर तुम्ही अर्धा सेकंद तिथे रेंगाळलात आणि तोवर खेळ आधीची दिशा विसरला.

सलग दहा निघेपर्यंत सराव. आठव्याला चुकलं तर पुन्हा एकपासून. मग बाजू बदला आणि तेच दहा डावीकडे तोंड करून. ही दुसरी पाळी बहुतेक जण टाळतात आणि खऱ्या फाईटमध्ये अर्धा वेळ लंगडे खेळतात. आमच्या पार्लरमधली सगळी पोरं फक्त उजव्या बाजूची उस्ताद होती, त्यांना तरी मशीनचं निमित्त होतं.

२१४ म्हणजे हीच हालचाल मागच्या बाजूला. त्यासोबत लाथेचं बटण दाबलं की रियूची गरगर फिरणारी लाथ निघते. वेगळं शिकायला लागत नाही.

६२३: सगळ्यांना छळणारी

शोर्यूकेन, म्हणजे उडता अपरकट. पुढे, खाली, कोपरा, ठोसा. लोक इंग्रजी झेड काढतात आणि झेडची शेपूट लांबवत ६ वर जाऊन थांबतात. थांबायचं कोपऱ्यात, ३ वर. पुढे एक टिचकी द्या, सोडा, आणि मग जणू हाडोकेन सुरू करून अर्ध्यात कोपऱ्यावर सोडून द्यायचा.

याची एक गंमत आणि एक डोकेदुखी. तुम्ही पुढे चालत असताना लगेच हाडोकेन मारायला गेलात तर दिशा होतात ६, २, ३, ६. खेळाला त्यात ६२३ आधी सापडतं आणि रियू हवेत उडतो, समोरच्याला आयता मार देता येतो. उपाय साधा: चालणं थांबवा, दांडी क्षणभर मोकळी सोडा, मग २३६. मी तीस वर्षांनंतरही यात अधूनमधून फसतो.

धरून सोडायच्या मूव्ह

गाइलसारख्या पात्रांना फिरवाफिरवी नसते. मागे धरा, पाऊण-एक सेकंद थांबा, मग झटकन पुढे आणि ठोसा: सॉनिक बूम. खाली धरा, मग वर आणि लाथ: उलटी लाथ. अनुभवी खेळाडू १ वर, म्हणजे खाली-मागे कोपऱ्यात, बसून असतात. तिथे दोन्ही एकदम भरत राहतात आणि वारही अडतो. पुन्हा कोपराच. बोटांना त्रास असेल किंवा पॅड जुना असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त संयम लागतो.

झँगिफच्या पूर्ण चक्राच्या फेकीबद्दल एवढंच: उभ्या उभ्या चक्र काढलं की तो वर जाताना उडी मारतो. म्हणून ते चक्र आधीच्या उडीत असताना काढतात आणि जमिनीला पाय लागताच ठोसा दाबतात. पहिल्या महिन्यात नको.

टेकनवाल्यांसाठी

टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८ साली आला आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी त्यात एडी घेऊन लाथांची दोन बटणं बडवली. बडवून जिंकताही यायचं, म्हणून शिकणं राहून गेलं. टेकनच्या यादीत एकेका पात्राच्या शंभराच्या आसपास किंवा जास्त मूव्ह असतात. ती यादी शब्दकोशासारखी आहे; कोणी शब्दकोश पाठ करून बोलायला शिकत नाही. दहा वारांच्या लांबलचक माळाही सोडून द्या. दिसायला झकास, पण माहितगार माणूस मध्येच अडवून मारतो.

टेकनमध्ये शिका: १,२ हे दोन झटपट ठोसे, एक खालची लाथ, कोपरा आणि २, म्हणजे समोरच्याला हवेत उडवणारा अपरकट, बऱ्याच पात्रांना तो असतो. पॉल घेतलात तर २३६ची हालचाल आणि उजवा हात, हा त्याचा प्रसिद्ध जड ठोसा. मिशिमा घराण्याचा विजेचा ठोसा म्हणजे पुढे, मोकळं, खाली, मग कोपरा आणि उजवा हात अगदी एकाच फ्रेमवर. सेकंदाचा साठावा भाग. त्याच्या वाटेला वर्षभर जाऊ नका.

दोन मूव्ह जोडणं

कॉम्बो हा शब्द आता पोरासोरांच्या तोंडी आहे, पण १९९१च्या स्ट्रीट फायटर २मध्ये तो मुद्दाम ठेवलेला नव्हता. एक वार लागत असतानाच त्यावर दुसरा चढवता येतो हे बनवणाऱ्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. पुढच्या सगळ्या फायटिंग गेमचा पाया त्यावर उभा आहे.

रियूची पहिली जोडी: बसून मध्यम लाथ, त्यावर हाडोकेन. युक्ती अशी की लाथ संपायची वाट बघायची नाही. खाली धरून लाथ दाबा आणि पाय बाहेर जात असतानाच दांडी कोपऱ्यातून पुढे न्या, मग ठोसा. २ तर आधीच दाबलेला आहे, म्हणजे अर्धं काम झालेलं. ऐकू येतं ते असं: टक... ठो. दोन आवाजांत मोठी फट पडली तर उशीर झाला. आवाज बंद करून खेळू नका, कान इथे डोळ्यांपेक्षा लवकर शिकतो. २००४ साली इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराने आपल्या केन या पात्राची जरा उरलेली ऊर्जा घेऊन समोरच्याच्या चुन-लीचे १५ वार एकामागून एक परतवले, प्रत्येक वाराला पुढच्या दिशेची एकेक टिचकी देऊन. ते बघताना मला दर वेळी ढोलाची चाल आठवते, हात आधीच ठोक्यावर जाऊन बसलेला.

मॉडर्न घ्यायचं की क्लासिक

२०२३च्या स्ट्रीट फायटर ६मध्ये मॉडर्न नावाची सोपी पद्धत आहे, एकाच बटणात हाडोकेन. टेकन ८मध्येही तशी सोय आहे. कट्टर लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदा पॅड धरणाऱ्याने किंवा आठ वर्षांच्या पोरीने जरूर तिथून सुरू करावं. फक्त एक: त्यात काही साधे वार मिळत नाहीत आणि सोप्या बटणाने मारलेला खास वार थोडा कमी लागतो. क्लासिक शिकायचं मनात असेल तर पहिल्या आठवड्यापासूनच क्लासिक घ्या, मध्येच बदललं की दोन्हीकडचं बिघडतं.

मग फाईटमध्ये

ट्रेनिंगमध्ये दहापैकी दहा निघतात आणि माणसासमोर शून्य. हे सगळ्यांचं होतं. म्हणून पहिल्या वीस फाईट जिंकायला जाऊच नका. प्रत्येक फाईटला एक काम ठरवा. आज फक्त एवढंच: तो उडी मारून आला की शोर्यूकेन. बाकी मार खाल्ला तरी चालेल. उद्या फक्त बसून लाथ आणि हाडोकेन. परवा, त्याचा जड वार अडवला की लगेच आपला एक ठोसा. तीन कामं, तीन मूव्ह. माझ्या मते नव्या माणसाला दोन महिने याहून जास्त लागत नाही.

ऑनलाइन खेळणार असाल तर लॅपटॉपला राउटरची वायर जोडा. वायफायवर, त्यातून हॉटस्पॉटवर, मध्येच अडखळतं आणि तुमची बरोबर मारलेली मूव्हही चुकल्यासारखी वाटते. शिकणाऱ्याला त्याहून वाईट काही नाही. त्यापेक्षा एकाच सोफ्यावर मित्राशेजारी बसून खेळणं केव्हाही बरं. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ साली जपान आणि अमेरिका दोन्हीकडची इव्हो टेकन ७मध्ये जिंकला, तोही आपल्या गावातल्या तगड्या मंडळींशी शेजारी बसून खेळत तयार झालेला.

हरलात की लगेच 'पुन्हा' दाबू नका. रिप्ले उघडा, इनपुट दिसायला लावा आणि जिथे मूव्ह निघाली नाही त्या जागेवर थांबवा. कागदावर लिहा: कोणती बाजू, कोणती मूव्ह, काय उमटलं. भाच्याने माझ्या सांगण्यावरून वहीच केली. परवा रात्री त्याचा फोन आला.

"मामा, डाव्या बाजूने शोर्यूकेन दहापैकी नऊ."

"आणि उजव्या?"

"चार."

"चुकलेल्या सहात काय उमटतंय?"

थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज. "सहाही वेळा कोपरा नाहीये."

या रविवारी तो येतोय. दोन तास त्याला उजवीकडेच उभा करणार आहे.